जुन्या गाडीची ब्रेक लाइट: नवा बल्ब आणण्याआधी काय काय बघायचं

दिवाळीच्या आठ दिवस आधी मी खानापूरहून बेळगावला निघाले होते. ओम्नीत मागं पणत्यांची खोकी, पेंढ्यात गुंडाळलेल्या कुंड्या आणि पोरांनी किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं. मच्छेच्या अलीकडं रस्त्यात म्हैस आली. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली. मागून दुचाकीवर येणारा पोरगा मात्र थांबू शकला नाही. त्याचं मनगट मोडलं, माझा मागचा दरवाजा आत गेला, पणत्यांचं खापर झालं. रस्त्याकडेला हात धरून बसलेला तो पोरगा एवढंच म्हणत होता, "काकी, तुमची लाइट लागलीच नाही की."

त्याचं खरं होतं. माझ्या दोन्ही ब्रेक लाइट बंद होत्या, आणि किती दिवसांपासून बंद होत्या ते मला सांगता येईना. हेडलाइट गेली तर समोर अंधार दिसतो, हॉर्न गेला तर कळतं, वायपर अडकला तर काच सांगते. ब्रेकची लाइट तेवढी चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. ती मागच्या माणसासाठी असते. ताशी ५० किलोमीटरच्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढं सरकते. आपली लाइट लागली नाही की मागच्याचा तो सेकंद वाया जातो.

त्याच पावसाळ्यात मी एका गॅरेजमध्ये डाव्या बाजूचा बल्ब दोनदा बदलून घेतला होता. दोन्ही वेळा नवा बल्ब लागला आणि तीन आठवड्यांत पुन्हा बंद. धडकेनंतर माझे दीर आले. ते उद्यमबागेत वायरमनचं काम करतात. मी नवीन बल्बाचं खोकं पुढं केलं, तर म्हणाले, "वहिनी, बल्ब राहू दे. आधी वीज कुठपर्यंत येतीया आणि परत कुठनं जातीया, ते बघू या." त्या दिवशी त्यांनी दाखवलं, त्यानंतर गेली सहा वर्षं माझ्या आणि गल्लीतल्या चार-पाच गाड्यांचं हे काम मीच करते. माझी गाडी २००३ ची ओम्नी. पण ८००, झेन, एस्टीम, जुनी सुमो, सगळ्यांचं गणित थोड्याफार फरकानं हेच आहे.

सुरुवातीला गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून उभी करा. चावी फिरवून ठेवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत चावी नसतानाही ब्रेक लाइट लागते, पण काहींत चावी लागते. उगाच त्यावरून गोंधळ नको. मदतीला कुणी असेल तर मागं उभं करा. माझी मुलगी मागून मोठ्यानं सांगते: "डावी लागली, उजवी नाही." कुणी नसेल तर संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडं करून उभी करा आणि आरशातून भिंतीवर पडणारा लाल उजेड बघा. मी आणखी एक करते. सीट आणि ब्रेक पेडल यांच्यामध्ये लाकडाची फळी आडवी अडकवते, म्हणजे पेडल दाबलेलं राहतं आणि मला मागं जाऊन निवांत बघता येतं. काम झालं की फळी लगेच काढायची. ती तशीच राहिली तर बॅटरी उतरते.

बघताना चार गोष्टी वेगवेगळ्या बघा. सगळ्या लाइट बंद ठेवून फक्त ब्रेक. मग पार्किंग लाइट लावून ब्रेक. मग इंडिकेटर चालू ठेवून ब्रेक. आणि शेवटी ब्रेक सोडल्यावर लाइट विझते का तेही. हे दोन मिनिटांचं बघणं पुढचा अर्धा तास वाचवतं, कारण बिघाड कुठल्या अंगाला आहे ते लाइट स्वतःच सांगते. एकच बाजू बंद असेल तर बिघाड त्याच बाजूच्या बल्बात, होल्डरात किंवा अर्थिंगमध्ये, म्हणजे बल्बातून निघालेली वीज पत्र्यातून बॅटरीकडं परत जाते त्या वाटेत. दोन्ही बंद असतील तर दोन्ही बल्ब एकाच दिवशी गेले असं सहसा होत नाही. बिघाड दोघींच्या सामाईक वाटेवर, म्हणजे फ्यूज, पेडलजवळचा स्विच किंवा तिथून मागं येणारी वायर यांत शोधायचा. काचेजवळ वर तिसरी ब्रेक लाइट असलेल्या गाडीत ती लागते आणि खालच्या दोन्ही लागत नाहीत, तर फ्यूज आणि स्विच निर्दोष आहेत. ब्रेक सोडूनही लाइट लागलेलीच राहते, तर आधी स्विच. आणि ब्रेक दाबल्यावर भलतंच काहीतरी होतं, पार्किंग लाइट मंद होते, इंडिकेटर मिणमिणतो, तर ते अर्थिंग. डोळे झाकून अर्थिंग.

मला माझ्या बाबतीत हे सगळं एकदम भेटलं होतं. डावीचं अर्थिंग गेलेलं आणि वरून स्विचही गेलेला. म्हणून एक दोष सापडला की काम संपलं असं धरू नका.

हत्यारं फार नाहीत. फुलीच्या टोकाचा (फिलिप्स) स्क्रू ड्रायव्हर, दहा-बाराचा पाना, पक्कड, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, व्हॅसलीन, चिकटपट्टी आणि टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज येते का ते बघायचा दिवा. टेस्ट लॅम्प घरीच करा. २१ वॅटचा एक बल्ब, त्याच्या पितळी अंगाला एक वायर आणि बुडाच्या ठिपक्याला दुसरी वायर डाग देऊन (सोल्डर करून) जोडायची. एका वायरीच्या टोकाला क्लिप, दुसरीच्या टोकाला जाड सुई किंवा खिळा. वायर हातभर नको, गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरेल एवढी घ्या.

व्होल्ट मोजायचा मीटर असेल तर चांगलंच, पण सुरुवात लॅम्पनं करा. का ते सांगते. वायर आतून कुजून तिची एखादीच तार शिल्लक राहिली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. कुजक्या वायरीतून तेवढी वीज येत नाही आणि लॅम्प मंद होतो किंवा लागतच नाही. सुतळीनं रिकामी बादली वर येते म्हणून भरलेलीही येईल असं थोडंच आहे! एक सूचना मात्र पाळा: एअरबॅग आणि कंप्युटर असलेल्या अलीकडच्या गाड्यांच्या वायरींना असा लॅम्प लावू नका. हे जुन्या, साध्या वायरिंगच्या गाड्यांचं काम आहे.

आता बल्ब. ओम्नीची मागची लेन्स बाहेरूनच स्क्रूनं बसवलेली आहे. काही गाड्यांत डिकीच्या आतून होल्डर फिरवून काढावा लागतो. स्क्रू गंजले असतील तर जोर करण्याआधी गंज सोडवायचं तेल टाकून दहा मिनिटं थांबा, नाहीतर प्लास्टिकला चीर जाते. बल्ब थोडा आत दाबून डावीकडं फिरवला की बाहेर येतो. नुकताच लागलेला असेल तर भाजतो, फडकं घ्या.

बऱ्याच जुन्या गाड्यांत पार्किंग आणि ब्रेक या दोन्ही लाइट एकाच बल्बात असतात. काचेत दोन तारा दिसतात: बारीक ५ वॅटची पार्किंगची, जाड २१ वॅटची ब्रेकची. म्हणून पार्किंग लाइट लागते म्हणजे बल्ब चांगला, असं होत नाही. जाड तार तुटली आहे का, काच आतून काळवंडली आहे का, ते उजेडात धरून बघा. शंका असेल तर दोन्ही बाजूंचे बल्ब आपापसांत बदलून बघा. बिघाड बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्बच खराब.

नवा घेताना दुकानात "डबल काँटॅक्ट, १२ व्होल्ट, २१/५" असं सांगा आणि जुना बल्ब बरोबर न्या. त्याच्या बुडाला दोन ठिपके असतात आणि अंगावरच्या दोन खुंट्या एकाच उंचीवर नसतात, एक वर, एक खाली. ही उंची मुद्दाम वेगळी ठेवली आहे, बल्ब उलटा बसू नये म्हणून. तरी जोर करून उलटा बसवलेले बल्ब मी दोनदा बघितलेत. तेव्हा पार्किंगला लख्ख उजेड पडतो आणि ब्रेक दाबला तर मिणमिण. त्याहून वाईट म्हणजे डबलच्या होल्डरात सिंगल काँटॅक्टचा बल्ब. त्याच्या बुडाचा एकच मोठा ठिपका होल्डरातल्या दोन्ही टोकांना एकत्र जोडतो. मग ब्रेक दाबला की पार्किंग आणि डॅशबोर्डचे दिवेही लागतात, आणि माणूस पेडलपासून वायरिंग उकलत बसतो. विचित्र काही दिसलं की आधी बल्ब कुठला आहे तो बघा.

बल्ब चांगला निघाला तर खरं काम इथून सुरू होतं, आणि आमच्या भागात तर बहुतेक इथंच संपतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा सगळा पट्टा पावसाचा. जून ते सप्टेंबर लेन्समागं ओल असतेच. त्यात लेन्सची रबरी पट्टी वीस वर्षांत कडक होऊन गेलेली. पाणी आत शिरतं आणि होल्डर कळकतो. पितळी पातेल्यात ताक राहिलं की जशी हिरवी पुटं चढतात, तशीच होल्डरात चढतात. मी पहिल्यांदा होल्डर बघितला तेव्हा तळाशी हिरवी पूड होती आणि स्प्रिंग गंजून आत रुतून बसली होती. नवा बल्ब दाबून बसवला की पूड जरा खरवडली जायची, लाइट लागायची आणि पुन्हा कळक चढली की बंद. गॅरेजवाल्याचे दोन बल्ब असे माझ्या पैशानं गेले.

लॅम्पनं तपासायचं असं. क्लिप बॅटरीच्या उण्या टोकाला, किंवा रंग खरवडलेल्या पत्र्याला लावा. क्लिपची जागा चांगली आहे याची खात्री म्हणून सुई आधी बॅटरीच्या अधिक टोकाला टेकवून लॅम्प लखलखीत लागतो ते बघा. आता पार्किंग लाइट बंद ठेवा, बल्ब काढलेल्या होल्डराच्या तळाशी सुई टेकवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. तळाच्या दोन टोकांपैकी एकावर लॅम्प लागायला हवा. सुई दोन्ही टोकांना किंवा होल्डराच्या अंगाला एकदम टेकू देऊ नका, फ्यूज जाईल. लॅम्प लखलखीत लागला म्हणजे वीज इथपर्यंत येतेय. मग उरला परतीचा रस्ता.

त्यासाठी क्लिप आता बॅटरीच्या अधिक टोकाला लावा आणि सुई होल्डराच्या अंगाला, म्हणजे बल्बाचं पितळ जिथं टेकतं त्या भागाला लावा. लॅम्प लखलखीत लागला तर अर्थिंग चांगलं. मंद लागला किंवा लागलाच नाही, तर दोष सापडला. मीटर असेल तर बल्ब बसवून, ब्रेक दाबून, होल्डराचं अंग आणि बॅटरीचं उणं टोक यांच्यामधले व्होल्ट मोजा. जवळजवळ शून्य हवं. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त आलं तर अर्थिंग नीट करायलाच हवं.

अर्थिंग खराब असलं की इंडिकेटर का मिणमिणतो, हे दीरांनी मला शेतातल्या पाटावरून समजावलं. एका वाफ्यातलं जास्तीचं पाणी निघायची वाट मातीनं बुजली, तर पाणी थांबत नाही, बांध फोडून शेजारच्या वाफ्यात जातं आणि तिथून वाट काढतं. वीजही तेच करते. तिला बॅटरीकडं परत जायचं असतं. तिची स्वतःची वाट बंद झाली की ती शेजारच्या बल्बाच्या तारेतून उलटी जाते, आणि दोघंही अर्धवट लागतात. तेव्हापासून मागून जाणाऱ्या गाडीची लाइट असली चाळवाचाळव करताना दिसली की मला तिचा बुजलेला पाट दिसतो.

नीट करायला बॅटरीचं उणं टोक आधी सोडवा. होल्डरामागून निघणारी अर्थिंगची वायर बहुतेक गाड्यांत काळी असते, युरोपी बनावटीच्या काहींत तपकिरी. ती जिथं स्क्रूनं पत्र्याला जोडली आहे ती जागा शोधा. माझ्या गाडीत तो स्क्रू हातानंच फिरत होता, खाली गंजाची भाकरी झाली होती. स्क्रू काढा, वायरीच्या टोकाचा लग (स्क्रूत अडकणारी धातूची कडी) आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा. लग तुटायला आला असेल तर नवा दाबून बसवा. स्क्रू घट्ट करा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. आधी स्क्रू, मग व्हॅसलीन, हा क्रम ठेवा. धातूला धातू भिडला पाहिजे.

होल्डर आतून पॉलिश पेपरच्या सुरळीनं आणि टूथब्रशनं कोरडाच साफ करायचा. माझ्या सासूबाई तांब्याची घागर चिंचेनं घासतात, तसं मी पहिल्यांदा होल्डराला चिंचेचं पाणी लावायला गेले होते. लावू नका. घागर आपण नंतर भरपूर पाण्यानं धुतो, होल्डर धुता येत नाही; सांदीत राहिलेला आंबटपणा महिन्यात पुन्हा कळक आणतो. स्प्रिंग रुतलेली असेल किंवा तळाची फायबर चकती जळून काळी झाली असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका, होल्डरच नवा घ्या. फार महाग नाही. जुन्याच्या वायरी कापताना तीन-चार इंच शेपूट ठेवा आणि कुठला रंग कुठल्या टोकाला जातो त्याचा फोटो काढा. नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी लावलेला जोड आमच्या पावसात एक मोसमही टिकत नाही. डाग द्या आणि वरून स्लीव्ह, म्हणजे वायरीवर बसणारी नळी, चढवा.

लेन्स परत लावण्याआधी रबरी पट्टी बघा. ती गेली असेल तर बाजारात काळी फोमची पट्टी मिळते, ती कडेनं बसवा. लेन्सच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोक असतं, ते बुजवू नका. सगळीकडून सिलिकॉन भरून बंद केलेली लेन्स मी बघितली आहे, आत बोटभर पाणी होतं.

दोन्ही लाइट बंद असतील तर आधी फ्यूज. झाकणावर "स्टॉप" किंवा ब्रेकचं चित्र असतं; अनेक गाड्यांत त्याच फ्यूजवर हॉर्नसारखी आणखी एखादी गोष्टही असते, तीही बंद असली तर फ्यूजचा संशय पक्का. चपट्या फ्यूजमध्ये १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. जितक्याचा होता तितक्याचाच बसवा. दोन ब्रेक बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात, त्यामुळे चांगल्या वायरिंगमध्ये हा फ्यूज जायचं कारण नाही. गेला तर त्यानं काहीतरी वाचवलंय. त्याच्या जागी चॉकलेटची चांदी, तार, सिगारेटच्या पाकिटातला कागद घालणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, असं करू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ओम्नीत सीटच्या खालीच इंजिन आहे.

नवा फ्यूज लगेच गेला तर वायर कुठंतरी पत्र्याला घासतेय. हाच फ्यूज ब्रेक दाबल्याबरोबर जातो का, हे बघा. तसं असेल तर दोष स्विचच्या मागच्या बाजूला, दिव्यांकडं जाणाऱ्या वायरीत किंवा होल्डरात. ब्रेक न दाबताच जातो, तर दोष स्विचच्या अलीकडं किंवा त्या फ्यूजवरच्या दुसऱ्या कशात. वायर घासण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: पत्र्याच्या भोकातून जिथं रबर निघून गेलं आहे तिथं, मागच्या दरवाजाच्या बिजागरीजवळ, आणि जिथं मागून धडक बसून पत्रा ठोकून सरळ केलाय तिथं. माझ्या गाडीत डेंटिंगनंतर नेमकं हेच झालं होतं, म्हणून सांगते. धडक बसलेल्या गाडीच्या वायरी डेंटरकडून आल्यावर स्वतः तपासा. उंदरांनी कुरतडलेली वायरही इकडं नवी नाही. भाताच्या मळणीच्या दिवसांत शेडमध्ये उभ्या गाडीला हमखास.

फ्यूज चांगला असेल तर पेडलवर या. पायाकडच्या जागेत उताणं डोकं घालून, टॉर्च लावून वर बघा. ब्रेक पेडलच्या दांड्याला वरच्या बाजूला एक छोटा स्विच टेकलेला असतो, दोन वायरी येणारा. पेडल मोकळं असताना दांडा त्याची खुंटी आत दाबून धरतो आणि स्विच बंद राहतो. पाय दिला की दांडा दूर जातो, खुंटी बाहेर येते आणि लाइट लागते. फ्रीजचं दार उघडल्यावर दिवा लागतो, तसंच.

त्याच्या दोन वायरींचा सॉकेट काढा आणि सॉकेटच्या दोन टोकांना वायरीचा तुकडा जोडून बघा. मागं लाइट लागली तर स्विच खराब आहे किंवा नीट टेकत नाही. नाही लागली, तर लॅम्पनं बघा की सॉकेटच्या एका टोकाला वीज येते का. येत नसेल तर फ्यूजपासून इथपर्यंतची वायर, येत असेल तर इथून मागं जाणारी वायर. एवढ्यावर अर्धी गाडी तपासायची राहिलीच नाही.

लाइट सतत लागून राहण्याचं कारण फार वेळा रुपया-दोन रुपयांचं असतं. पेडलच्या दांड्याला जिथं स्विचची खुंटी टेकते तिथं भोकात रबराचं किंवा प्लास्टिकचं बटण असतं. वर्षांनी ते भुरभुरीत होऊन पडतं. मग खुंटी त्या भोकातून आरपार जाते, दाबलीच जात नाही आणि लाइट रात्रभर लागून राहते. सकाळी बॅटरी उतरलेली. गाडीच्या चटईवर प्लास्टिकचे तुकडे पडलेले दिसले तर झाडून टाकण्याआधी वर बघा. नवं बटण मिळेपर्यंत त्या भोकात नट-बोल्ट घट्ट बसवून काम चालतं. बोल्टच्या डोक्यावर खुंटी टेकते. आमच्या शेजाऱ्यांची ८०० अशीच बोल्टवर दोन वर्षं चालली.

स्विच मागं-पुढं करायला त्याच्यावर लॉक नट असतो. तो सैल करून स्विच आट्यांवर फिरवा. पेडलला अगदी थोडा पाय लागला, ब्रेक धरायच्या आधी, तेव्हाच लाइट लागली पाहिजे. पण इथं घाई करू नका. स्विच फार पुढं घेतला तर तो पेडलला पूर्ण वर येऊ देत नाही. मग ब्रेक किंचित धरलेलेच राहतात, चाकं तापतात, लायनर जळतात. पेडल हातानं वर ओढून ठेवा आणि स्विचचं आट्यांचं टोक व पेडलचं बटण यांच्यामध्ये साधारण एक मिलिमीटर जागा ठेवा. लॉक नट आवळल्यावर पेडल हातानं हलवून त्याला थोडा मोकळा खेळ आहे ना ते बघा. मग पाच-सहा किलोमीटर जाऊन या आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एखादं जास्त तापलंय का.

अँबेसेडर आणि जुन्या जीपवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. या गाड्यांत पेडलजवळ असा स्विच न सापडता ब्रेक ऑइलच्या वाटेवर, मास्टर सिलिंडरच्या आसपास दाबावर चालणारा स्विच असतो. त्याची खूण अशी की पाय जोरात दिल्यावरच लाइट लागते, हलक्या पायाला लागत नाही. त्याच्या दोन टोकांना वायरीनं जोडून तपासणी तशीच करता येते. पण तो स्विच काढला की ब्रेक ऑइल गळतं, आत हवा शिरते आणि हवा काढल्याशिवाय ब्रेक भरवशाचे राहत नाहीत. ते काम येत नसेल तर तेवढं मेस्त्रीकडूनच करून घ्या. मी स्वतः तो स्विच कधीच खोलत नाही.

बल्ब चांगले, होल्डर चांगले आणि तरी दर दोन महिन्यांनी बल्ब उडतात, तर गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. १४ व्होल्टच्या आसपास हवं. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा, रेग्युलेटर गेलाय, बल्बाचा दोष नाही.

लेन्स उन्हानं पांढरी पडली असेल तर बदला. लाल रंग उडालेल्या लेन्समधून दुपारी बेळगावच्या उन्हात ब्रेक लाइट दिसतच नाही. काळी फिल्म चिकटवलेली असेल तर ती आजच काढा. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात पावसाळी धुक्यात पुढच्या गाडीचे ते दोन लाल ठिपके धरूनच आपण चालवत असतो. तेच झाकून फिरणं मला समजत नाही. एलईडीचे बल्ब झटकन लागतात आणि वीज कमी खातात, हे खरं. पण स्वस्तातल्यांचा उजेड एकाच दिशेला पडतो आणि कडेनं येणाऱ्याला दिसत नाही. मी साधा २१/५ चाच वापरते.

हे सगळं करून मी बिनधास्त झाले होते, तेव्हा एकदा पिरनवाडीच्या गर्दीत शेजारी थांबलेला ऊसाचा ट्रॅक्टरवाला वाकून म्हणाला, "अक्का, हिंदिन लाइट हत्तंगिल्री." मागची लाइट लागत नाही म्हणे. मी उतरून बघितलं, डावीच. लेन्सवर चापट मारली, तर लागली. घरी आल्यावर कळलं की होल्डर साफ केला होता, पण त्याच्या बगलेची खाच सैल झाली होती आणि खड्ड्यातून गेलं की बल्ब हलायचा. पक्कडीनं खाच जराशी दाबली, बल्ब आवळून बसू लागला. तेव्हापासून दुरुस्तीनंतरची माझी तपासणी उभ्या गाडीवर संपत नाही. गल्लीच्या तोंडाशी खड्डे आहेत, तिथून दोन फेऱ्या मारते, परत भिंतीसमोर येते, फळी अडकवते आणि दोन्ही लेन्सवर बोटांनी टकटक करते. लाइट जराही चाळवली तर पुन्हा स्क्रू ड्रायव्हर हातात.

फ्यूजच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करनं लिहून ठेवलंय: बल्ब २१/५ डबल, फ्यूज किती अँपिअरचा, अर्थिंग शेवटचं कधी घासलं. जादाचे दोन बल्ब जुन्या पायमोज्यात गुंडाळून कप्प्यात असतात. होल्डर वर्षातून दोनदा उघडते, एकदा मिरगाच्या आधी आणि एकदा पाऊस सरल्यावर, दिवाळीचा माल भरायच्या आत.